शर्टाच्या कॉलरमागचा आकडा

फुटबॉलबद्दल मी कधी लिहीन असं मलाच वाटलं नव्हतं. आमच्या पिढीचा खेळ म्हणजे क्रिकेट, तोही रेडिओला कान लावून. पण मे महिन्याच्या सुट्टीत नातू आला आणि त्याचा लाल शर्ट दोरीवर वाळत घालताना कॉलरच्या मागे एक आकडा दिसला. 97. दोन्ही बाजूंना दोन ज्योती. मी विचारलं, "हा कुठल्या खेळाडूचा नंबर रे?" तो म्हणाला, "आजोबा, तो नंबर नाही. मेलेल्या माणसांचा आकडा आहे."

शर्ट लिव्हरपूल क्लबाचा. मग नातवाने मला क्लबाची सगळी सनावळी तोंडपाठ म्हणून दाखवली. इंग्लंडची लीग 20 वेळा, शेवटची 2025 साली. युरोपचा चषक 6 वेळा, एफए चषक 8 वेळा, लीग चषक 10 वेळा. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण पानिपतच्या लढाया एवढ्या झरझर सांगणारा विद्यार्थी मला वर्गात क्वचितच भेटला!

या क्लबाचा जन्म मात्र भाड्याच्या भांडणातून झाला. अनफील्डच्या मैदानावर आधी एव्हर्टन हा क्लब खेळायचा. मैदानाचे मालक जॉन हूल्डिंग, बिअरचे कारखानदार. भाड्यावरून बिनसलं, एव्हर्टनवाले बिऱ्हाड उचलून गेले आणि हूल्डिंग यांच्याकडे नुसतं मैदान उरलं. मग 1892 साली त्यांनी नवा संघच काढला. म्हणजे भाडेकरू गेला म्हणून घरमालकाने नवं कुटुंब वसवलं, असा प्रकार. 1901 साली पहिली लीग जिंकली.

तिथल्या एका उताराच्या गॅलरीला 'कॉप' म्हणतात. हे नाव वाचून मी चमकलो. 1900 साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात स्पिअन कॉप नावाच्या टेकडीवर इंग्रजांचा मोठा पराभव झाला. त्यात लिव्हरपूलकडची पुष्कळ पोरं पडली, म्हणून 1906 साली त्या गॅलरीला हे नाव मिळालं. आणि त्याच लढाईत डोल्यांवरून जखमी वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात होते बॅरिस्टर गांधी. मी वर्गात हे पथक दरवर्षी शिकवलं, पण त्या टेकडीचं नाव घेऊन हजारो माणसं दर आठवड्याला गाणी म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.

मधल्या काळाबद्दल फार लिहीत नाही. 1959 च्या डिसेंबरात दुसऱ्या श्रेणीत अडकलेल्या या संघाला बिल शँकली नावाचा प्रशिक्षक लाभला. स्कॉटलंडच्या खाणवस्तीतला, स्वतः खाणीत राबलेला. त्याने संघ वर आणला. त्याच्यानंतरच्या बॉब पेझ्लीने 9 वर्षांत 6 लीग आणि 3 युरोपीय चषक मिळवले. असो.

मला थांबवलं ते 15 एप्रिल 1989 या तारखेने. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए चषकाची उपांत्य फेरी. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं, पण आधीच भरलेल्या मधल्या कुंपणांकडे जाणारा बोगदा कुणी बंद केला नाही. लोक पुढच्या जाळीवर चिरडले गेले. सहा मिनिटांत सामना थांबला. शेवटचा जखमी 2021 साली गेला, तेव्हा आकडा 97 झाला.

यापुढचं मला जास्त लागलं. बंदोबस्ताच्या प्रमुखाने त्या दिवशीच सांगितलं की प्रेक्षकांनी गेट तोडलं. 'द सन' या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं की लिव्हरपूलच्या लोकांनी मेलेल्यांचे खिसे कापले. 1991 साली निकाल आला, अपघाती मृत्यू. आईबाप म्हातारे झाले, पण त्यांनी कज्जा सोडला नाही. 2012 साली स्वतंत्र समितीने कागद उघडले, तेव्हा कळलं की पोलिसांचे 164 जबाब बदलण्यात आले होते. 2015 साली त्या अधिकाऱ्याने आपण खोटं बोललो हे कबूल केलं आणि 2016 साली पंचांनी निर्णय दिला: बेकायदेशीर मृत्यू, प्रेक्षकांचा दोष नाही. सत्तावीस वर्षं लागली. अधिकारी पुढे 2019 साली खटल्यातून निर्दोष सुटला, तो भाग वेगळा. ते वर्तमानपत्र त्या शहरात आजही पुष्कळ जण हातात धरत नाहीत.

हे वाचून माझ्या मनात त्या क्लबाबद्दल माया दाटून आली. पण मास्तरची खोड, मागचं पान उलटल्याशिवाय चैन पडत नाही. तर चार वर्षं आधी, 29 मे 1985, ब्रुसेल्सचं हायसेल मैदान. युरोपीय चषकाचा अंतिम सामना, समोर इटलीचा युव्हेंटस. लिव्हरपूलच्या टोळक्याने पलीकडच्या प्रेक्षकांवर चाल केली, पळापळीत भिंत कोसळली, 39 माणसं गेली, बहुतेक इटालियन. मैदान जुनाट होतं, व्यवस्था ढिसाळ होती, हे सगळं खरं. तरी चाल कुणी केली हे बदलत नाही. पुढे 14 जणांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, इंग्लिश क्लबांवर युरोपात 5 वर्षं बंदी आली, लिव्हरपूलवर 6 वर्षं. आणि 1989 साली त्यांच्यावर सगळ्यांनी खोटं इतक्या चटकन खरं मानलं, त्यामागे हे 1985 साल उभं होतं असं मला वाटतं.

अनफील्डवर त्या 39 जणांचंही स्मारक आहे. शर्टावर मात्र एकच आकडा.

रात्री जेवताना नातवाला विचारलं, "39 म्हणजे काय, माहीत आहे?" त्याने आधी चषकांच्या साली बोटांवर मोजून पाहिल्या. मग मी सांगितलं. तो बराच वेळ भात चिवडत राहिला. "हे आमच्या ग्रुपवर कुणी कधी बोललं नाही," म्हणाला. झोपायला गेल्यावर त्याच्या खोलीतला मोबाईलचा उजेड उशिरापर्यंत दिसत होता. शर्ट दोरीवरच राहिला होता. दव पडेल म्हणून मी तो आत आणून घडी घातली.