शिक्का जिथल्या तिथे

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आम्ही सात माणसे डोंबिवलीत एका स्नेह्याच्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडात जमलो होतो. एक निवृत्त शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले दोघे, टपालखात्यात सॉर्टिंग केलेले एक वयोवृद्ध गृहस्थ, औषधांचे दुकान चालविणाऱ्या एक बाई, कॉलेजात जाणारी एक मुलगी आणि प्रस्तुत लेखक. प्रत्येकाच्या खिशात रबराचा एक शिक्का आणि हातात एक वही. शेजाऱ्यांना वाटले, हे कुठल्या तरी मंडळाचे वर्गणीवाले असावेत. म्हणून पलीकडचे दार हळूच लागले. आत मात्र पोह्यांची बशी फिरत होती आणि सातही प्रौढ माणसे एकमेकांच्या वह्यांत शिक्के उमटवून लहान मुलांसारखी हरखत होती.

या छंदाला इंग्रजीत ‘लेटरबॉक्सिंग’ म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही. शिक्षकांनी ‘पत्रपेटीचा खेळ’ असे भारदस्त नाव सुचविले. पण त्या मुलीने ‘शिक्केगिरी’ म्हटले आणि तेच रूढ झाले. खेळ सोपा आहे. कोणी तरी एखाद्या रम्य किंवा ऐतिहासिक ठिकाणी एक डबी ठेवतो. तीत एक शिक्का आणि एक वही. तिथे पोहोचण्याची खूण कोड्यात सांगायची. ज्याला डबी सापडेल त्याने तिच्यातल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यावा, आपल्या शिक्क्याचा ठसा तिच्यातल्या वहीत सोडावा, आणि डबी होती तशी परत ठेवावी. बक्षीस नाही, स्पर्धा नाही. ‘मी येथे येऊन गेलो’ एवढीच कमाई.

याचा उगम इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डार्टमूर नावाच्या माळरानात आहे. तेथे क्रॅनमियर पूल म्हणून एक दलदलीची जागा आहे. वाट नाही, खूण नाही, चहूकडे चिखल. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या लोकांना तिथवर नेत असे. इतकी पायपीट करून आलेल्या माणसाला काही तरी ठेवून जावेसे वाटणारच. म्हणून १८५४ साली पेरटने तेथे एक बाटली ठेवली आणि लोक तीत आपल्या नावाची कार्डे टाकू लागले. पुढे स्वतःचा पत्ता घातलेले पोस्टकार्ड ठेवून जाण्याची प्रथा पडली. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाने ते नेऊन टपालात टाकायचे. म्हणून ती पत्रपेटी. १९०५ साली तेथे भेट देणाऱ्यांसाठी वही आली. १९७० नंतरच्या दशकात डार्टमूरवर अशा पेट्या भराभर वाढल्या, आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकाने लेख छापल्यावर अमेरिकेतही हे वेड पसरले.

१८५४ हे साल वाचले आणि मी थबकलो. कारण आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांनाही ते परके नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंतच आली होती. पुढे खाडी होती, डोंगर होता. ते ओलांडून रूळ कल्याणला पोहोचले ते १ मे १८५४ रोजी. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला साऱ्या हिंदुस्थानासाठी टपालाची तिकिटे सुरू झाली. सिंधमध्ये बार्टल फ्रियरने १८५२ सालीच तिकिटे काढली होती. परंतु अंतर कितीही असो, पत्राच्या वजनावर एकच दर, ही सोय १८५४ ची. पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात कल्याणहून कलकत्त्याला जाऊ लागले. तेच तिकीट कोणी पुन्हा वापरू नये म्हणून त्यावर शिक्का मारणे आले. शिक्क्याचे खरे काम तिकीट बाद करण्याचे; गाव आणि तारीख यांची साक्ष देणे हे त्याचे वरकड पुण्य. पण जगात पुष्कळदा वरकड कामच मागे उरते.

‘शिक्केगिरी’ परदेशी असली तरी शिक्क्याचे प्रेम आपल्याला नवे नाही. कान्हेरीच्या लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले जे दानलेख आहेत, त्यांत कल्याणचे रहिवासी आपले नाव आणि गाव कोरून गेले आहेत. ती एक प्रकारची पाषाणाची भेटवहीच. शिलाहार राजांच्या मुद्रेवर गरुड असे. मराठी पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. त्यावरून आलेला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज कधी मोर्तब न पाहिलेली माणसेही रोज वापरतात.

आता आमच्या मंडळींची रीत सांगतो. आजच्या दिवसांत स्टेशनाजवळ किंवा तलावाकाठी बेवारशी डबी ठेवली तर पोलीस येतील, आणि त्यांचे बरोबरच असेल. म्हणून आम्ही डबीऐवजी माणूस ठेवतो. त्या दिवशीचे कोडे असे होते : ‘वेलणकरांच्या ४२१३०१ मध्ये उतरा, १८६४ साली उघडलेले दार शोधा, समोर जो वर्तमानपत्र उलटे धरून बसला असेल त्याला वेळ विचारा.’ श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपालखात्यातील मोठे अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आलेला पिनकोड ही त्यांची देणगी. ४२१३०१ म्हणजे कल्याण, आणि १८६४ चे दार म्हणजे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय. समोर आमचे शिक्षक उलटे वर्तमानपत्र धरून घामाघूम झाले होते, कारण तोवर तीन परक्या माणसांनी त्यांना ते सुलटे करून दिले होते! मागच्या वेळच्या कोड्याने आम्हाला ठाण्यास नेले होते. १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांनी स्थापिलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयापर्यंत. जी दारे आपण आयुष्यभर नुसती ओलांडून गेलो, त्यांची साले अशी पायांनी पाठ होतात.

या खेळाचा एक नियम मात्र कडक आहे. शिक्का जागेवर राहिला पाहिजे. न्यायचा तो फक्त ठसा. हा नियम त्या सकाळी औषधवाल्या बाईंनी नव्या मुलीला समजावला, तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली आणि माझ्याने बोलल्याशिवाय राहवेना.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे, आणि पुण्यात हाहाकार उडाला. माझे वडील तेव्हा नोकरीनिमित्त पुण्यात, नदीकाठच्या एका पेठेत खोली घेऊन राहत होते. आई आम्हा मुलांना घेऊन डोंबिवलीत. पुढे एक पोस्टकार्ड आले : ‘मी सुखरूप आहे. सामान गेले. काळजी करू नये.’ घाईत तारीख घालायची राहिली होती. आई शेवटपर्यंत सांगत असे, ‘पाचव्या दिवशी कार्ड आलं, तेव्हा मी आधण ठेवलं.’ आणि माझे काका हसून म्हणत, ‘वहिनी, कार्ड दुसऱ्याच दिवशी आलं होतं. बायकांना एका दिवसाचे पाच वाटतात.’ आई गप्प बसे.

खरे-खोटे करता आले असते, पण ते मीच अशक्य करून ठेवले होते. नवव्या वर्षी मला तिकिटांचे वेड लागले. ट्रंकेत सापडलेल्या त्या कार्डावरचे छापील तिकीट मी कात्रीने कापून वहीत चिकटविले. तिकिटाबरोबर पुण्याचा शिक्का गेला. आणि कार्ड उलटले तेव्हा कळले, की मागच्या बाजूचा मायनाही गेला. आईने ते पाहिले. मारले नाही, रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘नाव गेलं बघ माझं.’ पुढे ती वही घर बदलताना हरवली. कोपरा तुटलेले कार्ड तेवढे राहिले.

त्या रविवारी ते कार्ड माझ्या वहीत होते. सॉर्टिंगवाल्या वृद्ध गृहस्थांनी ते हातात घेतले, खिडकीकडे तिरपे धरले, आणि खिशातून भिंग काढले. ‘तुम्ही निघाल्याचा शिक्का कापलात,’ ते म्हणाले, ‘पण पोहोचल्याचा एक असायचा हो.’ पत्त्याच्या खालच्या बाजूला एक करडे वर्तुळ होते; मी इतकी वर्षे त्याला डाग समजत आलो होतो. ते एकेक अक्षर वाचू लागले. डोंबिवली. सतरा. जुलै. एकसष्ट.

खोलीत कोणी बोलले नाही. मुलीने बोटांवर मोजले : तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा. पाच.

आई जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली, काकाही नाहीत. ज्यांच्यासाठी हा निकाल हवा होता त्यांच्यापैकी ऐकायला कोणी उरले नाही. पण एका बाईने पाच दिवस चुलीवर काही चढविले नव्हते, ही गोष्ट आता कोणाच्या हसण्यावारी जाणार नाही. तिच्यावर सरकारी शिक्का आहे. इतिहास म्हणजे केवळ ताम्रपट आणि शिलालेख असे आपण समजतो. ताम्रपटांचा मोह मलाही आहे. आज जेथे मध्यवर्ती कारागृह आहे त्या ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली खोदकामात अरिकेसरी शिलाहाराचे शके ९३९ चे, म्हणजे १०१७ सालचे, ताम्रपट सापडले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापले गेले. राजाने कोणाला काय दिले हे त्यामुळे हजार वर्षांनंतरही आपल्याला ठाऊक आहे. माझ्या आईच्या दानपत्रावर राजमुद्रा नव्हती. अधेलीएवढे एक करडे वर्तुळ होते. काम दोन्हींचे एकच.

निघताना ती मुलगी म्हणाली, ‘काका, मला या शिक्क्याची नक्कल हवी.’ मी कार्ड टेबलावर ठेवले. तिने वर पातळ कागद धरला आणि पेन्सिलीने ते वर्तुळ हलक्या हाताने उतरवून घेतले. गाव, दिवस, महिना, साल. मग कार्ड दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे परत दिले.

मी ते आईच्या डब्यात, होते तिथेच ठेवले आहे.