डब्याला अर्थ

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त एका डब्याचं आहे.

गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधे एक डबी जोडतात. पायानं बटण दाबलं की आवाज बदलतो. तिला पेडल म्हणतात. त्यातलं 'फझ' नावाचं पेडल सुरेल आवाज मुद्दाम फाटका करतं. ते मी वैशाखात नरसिंहपूरला, काकांच्या ओसरीवर बसून केलं.

काका रेडिओ दुरुस्त करायचे. नृसिंह जयंतीच्या गर्दीत हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा कर्णासुद्धा त्यांच्याच हातचा. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. राहिली ती गोळ्यांची एक डबी, आणि तिच्यात चार एसी १२८.

एसी १२८ हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत स्पीकरच्या अलीकडे हे जोडीनं बसायचे. सिलिकॉन आलं आणि जर्मेनियम मागं पडलं. काकांनी ते चार जपून ठेवले होते, कुणी रेडिओ घेऊन येईल म्हणून. मी गेलो ते नेमके तेच मागायला.

का, ते सांगायला जरा लांब जावं लागेल. १९६१ साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं गाजलं. नॅशव्हिलमध्ये त्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बास गिटार मधेच भुंग्यासारखा गुरगुरला. ते तसंच ठेवलं. पुढं तो भाग पार निकामी झाला, आणि मग तोच आवाज मागणारे येऊ लागले! तेव्हा ग्लेन स्नॉडी या इंजिनिअरनं एका सहकाऱ्याबरोबर तो बिघाड नव्यानं रचला, तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि तीन व्होल्टवर. गिब्सन कंपनीनं १९६२ मध्ये तो 'मेस्ट्रो फझ-टोन' म्हणून उतरत्या पेटीत घालून विकला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो वाजला आणि जगभर पोचला. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीनं 'फझ फेस' काढला. त्याची गोल पेटी माइकच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचलेली. आत मोजून अकरा भाग. त्यातल्या दोन ट्रान्झिस्टरांच्या जागी काही पेट्यांत हेच आपले एसी १२८!

आपल्याकडेही १९७० आणि १९७१ च्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या रेकॉर्डवर हा फाटका आवाज ऐकू येतो.

तर काकांनी डबी पुढं केली. काही बोलले नाहीत. पहिलाच ट्रान्झिस्टर मी जाळला. डाग देताना त्याचा पाय पकडीत धरायला हवा, म्हणजे उष्णता पकडीत जाते. हे मला माहीत होतं, तरी घाई केली. काकांनी फक्त पक्कड माझ्या हाताजवळ सरकवली. त्या वेळी मला जितकं वाईट वाटलं तितकं ते रागावले असते तरी वाटलं नसतं. उरले तीन.

दुपारी सगळं जोडलं तर आवाज चिरका, मधेच गप्प. जर्मेनियम तापलं की आतून जास्त गळतं आणि सगळा तोल जातो. वैशाखातली इंदापूरकडची दुपार, त्याचा तरी काय दोष! रात्री नदीवरून वारा आला आणि तेच सर्किट छान गुरगुरायला लागलं. पण मागे एकसारखी घूं घूं चालूच.

"डब्याला अर्थ दिलास का रे?" काकांनी खाटेवरून विचारलं.

नव्हता दिला. जेवणाचा अ‍ॅल्युमिनियमचा जुना डबा भोकं पाडून, कानस मारून तयार होता, पण सर्किट अजून उघडंच पाटावर होतं. आत बसवलं, अर्थची तार डब्याला जोडली, झाकण लावलं. घूं घूं थांबली. धातूची पेटी अर्थला जोडली की आजूबाजूच्या विजेची कुरकुर तिच्यावरच अडते. इतके दिवस मला वाटायचं, डबा म्हणजे नुसती शोभा.

मग वाजवून दाखवलं. काका कान पुढं करून ऐकत होते. हल्ली त्यांना कमीच ऐकू येतं.

"ही फाटक्या स्पीकरची खरखर," ते म्हणाले. "हीच काढायचे मला पैसे मिळायचे."

मी ओशाळून हसलो. ते म्हणाले, "परत लाव."

तीनदा ऐकलं. मग झाकण उघडायला सांगितलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक रेडिओच्या आत ते पेन्सिलीनं तारीख टाकायचे. इथं पेन्सिल उठेना, म्हणून खिळा मागितला. झाकणाच्या आतल्या बाजूला हळूहळू तारीख कोरली आणि उरलेला एक एसी १२८ परत डबीत ठेवला.

म्हणाले, "असू दे. कुणी आलं तर."