परळची दोन आवारे

मुंबईत परळला, एकातून दुसऱ्यात पायी जाता येईल अशी दोन जुनी आवारे आहेत. एकात बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दानशूरांच्या पैशातून उभे राहिलेले. दुसरे जुन्या गव्हर्नमेंट हाऊसचे. तेथे १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. पहिल्या आवारात जनावर जगावे म्हणून खटपट चाले, दुसऱ्यात माणूस जगावा म्हणून जनावर मारले जाई. एकाच शहराने दोन्ही आपली मानली.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली, ती सशांवर अजमावली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. हा प्रसंग धैर्याचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. पण हाफकिन यांनी जोखीम स्वतः होऊन पत्करली होती. सशांना कोणी विचारले नव्हते, विचारता येणारही नव्हते.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी एका काचपात्रात पिसवा असलेला प्लेगचा उंदीर ठेवला आणि त्याच्या वर, स्पर्श होणार नाही असा, पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. काही दिवसांत तोही प्लेगने मेला. पुष्कळांना हे पटले नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने परळला हेच काम विस्ताराने केले. गिनीपिगचे काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही दोन फूट उंच टांगले. खालचे प्लेगने मेले, वरचे वाचले. पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. अहवालात ही जनावरे केवळ आकडे म्हणून येतात.

हे ज्ञान नसण्याची किंमत काय होती, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. १८९७ मध्ये घरांत सोल्जर शिरले, सामान जाळले गेले, माणसे उचलून नेली गेली. रोग कशातून पसरतो हे ठाऊक नसलेल्या सरकारने माणसालाच संशयित धरले. तेव्हा प्रयोग नकोत, एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. अज्ञानही जीव घेते.

पण 'गरज होती' एवढ्याने प्रश्न मिटत नाही. किती जनावरे, किती यातना, दुसरा मार्ग होता का, हे प्रश्न उरतात. ब्रिटनमध्ये १८७६ च्या कायद्याने अशा प्रयोगांना परवाना लागे. तो कायदा हिंदुस्थानाला लागू नव्हता. म्हणजे लंडनमध्ये ज्या प्रयोगासाठी परवाना घ्यावा लागे, तोच परळला त्याच्याविना करता येई. स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले, त्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा आला. त्याने प्रयोग बंद केले नाहीत, मात्र देखरेखीसाठी समितीची तरतूद केली. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये आणि शक्य असेल तेथे प्रयोग टाळावेत, ही दिशाही दिली.

मी शास्त्रज्ञ नव्हे, जुने अहवाल वाचण्याचा नाद असलेला माणूस. माझ्या पणजोबांनी प्लेगची लस टोचून घेतली होती आणि ते वाचले, असे आजी सांगे. ते लसीमुळेच वाचले की नशिबाने, हे आता सिद्ध करता येणार नाही. तरी अहवालातले गिनीपिगचे आकडे वाचताना मला त्यांची आठवण येते. त्या पिंजऱ्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि ते योग्यच होते असेही म्हणवत नाही. ते ऋण आहे, एवढे निश्चित. आणि जुने ऋण मान्य केले म्हणून नवे काढण्याची मुभा मिळत नाही. प्रत्येक वेळी पुन्हा विचारावे लागते.