शय्याव्रण : दैव, दोष आणि मोजमाप

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या माकडहाडावर, खुब्यावर किंवा टाचेवर पडणारा व्रण ही वैद्यकातील फार जुनी व्यथा आहे. हा व्रण कशामुळे होतो, यापेक्षा तो कोणामुळे होतो, यावरच अधिक वाद झाला. तो आजाराचा अटळ परिणाम मानावा की शुश्रूषेतील उणीव? या प्रश्नाचा पाठपुरावा करतानाच वृद्धांचे पोषण, त्यांच्या शरीरातील पाणी आणि त्यांची त्वचा यांकडे एकत्र पाहण्याची परिचर्याशास्त्राची दृष्टी घडत गेली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९-६०च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषेवरील छोटेखानी पुस्तकात आपले मत स्पष्टपणे मांडले. शय्याव्रण झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच पुस्तकात रुग्णाच्या जेवणावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. अन्न समोर असूनही केवळ ते योग्य वेळी, योग्य रीतीने भरवले न गेल्यामुळे असंख्य रुग्ण उपाशी राहतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ताटात काय वाढले याबरोबरच ताटात काय उरले हेही पाहणे, हे परिचारिकेचे निरीक्षण त्यांना अभिप्रेत होते.

पॅरिसमधील सालपेत्रिएर रुग्णालयातील विख्यात मज्जातंतुतज्ज्ञ झाँ-मार्ताँ शार्को यांचे मत नेमके उलट होते. मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांत वेगाने पसरणारे व्रण त्यांनी पाहिले आणि त्यांचे मूळ मज्जासंस्थेच्या बिघाडात शोधले. असा व्रण त्यांना मृत्यूची पूर्वसूचना वाटे. वास्तविक शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार यांनी १८५०च्या दशकातच प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते, की मज्जारज्जू तुटलेला असला तरी त्वचेवर दाब येऊ दिला नाही आणि स्वच्छता राखली, तर व्रण टळतो. तरीही शार्को यांच्या नावाचे वजन मोठे होते. व्रण दैवाधीन ठरला, की तो टाळण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. या मताची खरी हानी हीच होती.

विसाव्या शतकात वादाची जागा मापनाने घेतली. १९३० साली युजीन लँडिस यांनी नखाजवळच्या केशवाहिन्यांतील रक्तदाब मोजला. धमनीकडील टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. बाहेरचा दाब याहून बराच अधिक झाला, की रक्तप्रवाह अडतो, ही कल्पना तेथून रुजली. १९५९ साली मायकेल कोसियाक यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाब आणि काळ यांचे नाते दाखवून दिले. मोठा दाब थोड्या वेळात जी इजा करतो, तीच इजा लहान दाबही दीर्घ काळात करू शकतो.

परंतु प्रयोगशाळेतील हे ज्ञान वॉर्डात कसे वापरायचे, याचे उत्तर एका परिचारिकेने दिले. ब्रिटनमधील डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह रुग्णालयातील वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास करून १९६२ साली अहवाल प्रसिद्ध केला. पाठीला स्पिरिट चोळणे, मलमे आणि पावडरी लावणे या रूढ उपचारांपेक्षा नियमितपणे कूस बदलणेच परिणामकारक ठरते, असे त्यातून दिसले. त्याच अभ्यासातून ‘नॉर्टन श्रेणी’ जन्मली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडण्याफिरण्याची क्षमता, अंथरुणात हालचाल करण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील नियंत्रण या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे. एकूण गुण १४ किंवा त्याहून कमी असतील, तर रुग्ण धोक्यात आहे असे मानायचे. व्रण होण्याची वाट न पाहता तो कोणाला होईल हे आधीच सांगण्याचा हा पद्धतशीर प्रयत्न होता.

या श्रेणीत एक उणीव होती : आहाराला तीत स्वतंत्र स्थान नव्हते. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ साली मांडलेल्या श्रेणीत ती भरून निघाली. दाब किती व किती वेळ पडतो, हा प्रश्नाचा एक भाग. तो सोसण्याची ऊतींची ताकद किती, हा दुसरा, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून संवेदना, ओलावा, हिंडणेफिरणे, हालचाल, पोषण आणि घर्षण अशा सहा बाबी त्यांनी घेतल्या. प्रथिने कमी पडणाऱ्या शरीराची त्वचा दाबाला लवकर हार जाते, ही गोष्ट आता गुणांच्या तक्त्यात आली.

१९९०च्या दशकात फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या सहकार्यातून वृद्धांच्या पोषणाची १८ प्रश्नांची चाचणी तयार झाली. ३० पैकी १७ पेक्षा कमी गुण म्हणजे कुपोषण, १७ ते २३.५ म्हणजे कुपोषणाचा धोका. वजन, भूक आणि दंड व पोटरीचा घेर यांबरोबरच दिवसभरात किती कप द्रव पोटात जातो आणि अंगावर शय्याव्रण आहे का, हेही तीत विचारले जाते. अन्न, पाणी आणि त्वचा हे तीन विषय अशा रीतीने एकाच कागदावर आले.

यांपैकी पाण्याचा विषय सर्वांत फसवा. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुण आणि निरोगी वृद्ध पुरुषांना २४ तास पाण्याविना ठेवण्यात आले. वृद्धांच्या शरीरात पाण्याची कमतरता स्पष्ट होती, तरीही त्यांना तहान कमी लागली आणि नंतर ते पाणीही कमी प्याले. म्हणजे ‘तहान लागली की मागतील’ हा घरोघरचा विश्वास म्हातारपणी टिकत नाही. चिमटीत धरलेली त्वचा सावकाश खाली बसणे, ही निर्जलीकरणाची परिचित खूणही वृद्धांत दगा देते, कारण वयोमानानुसार त्वचेची लवचीकता मुळातच घटलेली असते. म्हणून केवळ एका लक्षणावर विसंबून न राहता पिण्याची नोंद आणि गरजेनुसार रक्ततपासणी यांचा आधार घ्यावा लागतो.

ही सारी साधने पाश्चात्त्य रुग्णालयांत घडली, याची आठवण भारतात ती वापरताना ठेवावी लागते. पोषण-चाचणीतील एक प्रश्न रोज मांस किंवा मासे खाण्याबद्दल आहे. डाळ आणि दूध नियमित घेणाऱ्या शाकाहारी वृद्धाचाही तेथे अर्धा गुण जातो. कुबड आलेल्या वृद्धेची उंची नीट मोजता येत नाही. अशा वेळी पोटरीचा घेर उपयोगी पडतो. व्रणाची पहिली पायरी म्हणून पाठ्यपुस्तके लालीकडे बोट दाखवतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती लाली दिसतेच असे नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत या पायरीची व्याख्या सुधारून त्वचेचे तापमान, घट्टपणा किंवा मऊपणा आणि वेदना यांचाही तीत समावेश झाला. भारतीय परिचारिकेसाठी बोटांचा स्पर्श डोळ्यांइतकाच महत्त्वाचा ठरतो, तो यामुळे.

प्रश्नाचा आवाकाही लहान नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली २०१७-१८मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढील सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले. यांतील बहुतेकांची शुश्रूषा रुग्णालयात नव्हे, तर घरी सुना, मुली, पत्नी करतात आणि त्यांच्या हाती कोणताही तक्ता नसतो.

तक्ता हाती असला तरी तो स्वतः काही बरे करत नाही. गुणांकनाची श्रेणी वापरल्याने शय्याव्रण निश्चित घटतात, असा ठोस पुरावा अद्याप मिळालेला नाही. गुण मांडल्यावर कूस बदलली गेली का, घास भरवला गेला का, पाण्याचा पेला ओठांशी नेला गेला का, यावर सारे अवलंबून असते. एका परिचारिकेकडे सोपवलेल्या खाटांची संख्या हाताबाहेर गेली, की नाइटिंगेल यांचा ठपका तिच्यावर ठेवणेही अन्यायाचे होते. व्रण बहुतांशी टाळता येतो, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. तो टाळण्यासाठी लागणारे हात आणि वेळ पुरवणे, हे समाजाचे काम आहे.