तारखेचा इतिहास

उर्दू शाळेत आम्ही जो विषय 'तारीख' म्हणून शिकवतो, त्याला मराठी शाळेत इतिहास म्हणतात. मराठीने हा अरबी शब्द घेतला तो दिवस या अर्थाने. आपल्या मोहल्ल्यांत तर 'आज तारीख आहे' म्हटले की दुसरे काही विचारावे लागत नाही. वकील, फिर्याद, जामीन, मुदत, हजर, दफ्तर हे शब्दही त्याच वाटेने कोर्टात आले. 1837 साली कंपनी सरकारने कायदा करून कोर्टातून फारसीला निरोप देण्यास सुरुवात केली. भाषा गेली, शब्द राहिले. पण खटल्याची तारीख ठरते कशी, याचाही एक इतिहास आहे. तो आपण जाणून घेतला पाहिजे.

'सेशन' म्हणजे बैठक. इंग्लंडात न्यायाधीश वर्षातून ठरावीक वेळी गावोगाव फिरत आणि तुरुंगात अडकलेल्यांचे खटले त्या बैठकीत निकाली काढीत. 'तुरुंग मोकळा करणे' असेच त्या कामाचे नाव होते. 1824 साली मुंबईत सुरू झालेल्या सुप्रीम कोर्टात इंग्रजांनी ही पद्धत आणली. आजच्या सत्र न्यायालयाचे नाव त्या बैठकीवरूनच पडले. बैठक उठल्यावर कोणी चौकशीविना आत राहू नये, ही मूळ कल्पना.

पुढे नाव राहिले, कल्पना मागे पडली. कायद्यात मात्र ती आजही आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 309 सांगत होते की, एकदा साक्षी सुरू झाल्या की हजर साक्षीदार संपेपर्यंत खटला रोजच्या रोज चालवावा. तहकुबी द्यायचीच तर कारण लिहून द्यावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 346 मध्ये हेच आहे.

प्रत्यक्षात काय घडते? सकाळी कोर्टाबाहेर त्या दिवसाचे 'बोर्ड' लागते. त्यावर न्यायाधीशांना दिवसभरात ऐकता येतील त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रकरणे असतात. कुठे साक्षीदार आलेला नसतो, कुठे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले असतात, कुठे पोलीस बंदोबस्त नसल्याने आरोपीच तुरुंगातून आणलेला नसतो. रोजनाम्यात दोन ओळी लिहिल्या जातात आणि पुढची तारीख पडते. विधी आयोगाने 1987 साली सांगितले होते की, दहा लाख लोकांमागे सुमारे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास हवेत. तो आकडा आजही गाठलेला नाही.

या इतिहासात दोन मुस्लिम नावे ठळक आहेत. पहिले हुस्नआरा खातून. 1979 साली बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची हकीकत वर्तमानपत्रात आली. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काही जण खटल्याविना आत होते. काही स्त्रियांवर तर आरोपही नव्हता. त्या साक्षीदार किंवा पीडित होत्या. ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी अर्ज केला आणि न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की, लवकर खटला चालणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील मूलभूत हक्क आहे.

दुसरे नाव आपल्या कोकणचे, बॅ. अब्दुल रहमान अंतुले. त्यांच्या प्रकरणात 1991 साली पाच न्यायमूर्तींनी ठरवले की, हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर आहे. मात्र त्याला वर्षांची ठाम मर्यादा घालता येणार नाही. 2002 साली सात न्यायमूर्तींनी हेच कायम केले. हक्क मिळाला, मुदत मिळाली नाही.

त्याची किंमत दोन्ही बाजू मोजतात. 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्याचा निकाल 2015 साली लागला, आणि शिक्षा झालेल्या बारा जणांना उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये निर्दोष ठरवले. तोवर त्यांतला एक जण तुरुंगातच वारला होता. या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच महिन्यात 2008 च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सर्व आरोपी सुटले. ज्यांची माणसे गेली, त्यांनी या निकालासाठी जवळपास सतरा वर्षे वाट पाहिली.

2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत शंभरातले सुमारे 76 कैदी कच्चे होते. म्हणून काही गोष्टी घरोघरी माहीत असाव्यात. कोठडीतील माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. नव्या संहितेच्या कलम 479 नुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असल्यास एक तृतीयांश काळ आत काढलेला कच्चा कैदी जामिनाला पात्र ठरतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्यांच्यावर एकाहून अधिक खटले आहेत त्यांना ही सवलत नाही. तसा अर्ज कोर्टाकडे पाठवणे हे तुरुंग अधीक्षकाचे कर्तव्य आहे. तो गेला की नाही, हे घरच्यांनी विचारावे.

मुलांकडून आम्ही पानिपतच्या तिन्ही लढायांची साले पाठ करून घेतो. त्यांच्या शेजारी 1979 हेही लिहून द्यावे, असे आम्हांला वाटते. ती लढाई एका गरीब कैदी बाईच्या नावाने जिंकली गेली आहे.