डॅफ्नियातील लिंगनिर्धारण : एका प्रश्नाचा इतिहास

गोड्या पाण्याच्या तळ्याडबक्यांत आढळणारा डॅफ्निया हा कवचधर वर्गातील प्राणी आकाराने अवघा काही मिलिमीटर असतो. झटके देत पोहण्याच्या त्याच्या रीतीवरून युरोपात त्यास ‘पाण्यातील पिसू’ असे नाव पडले. पिसवांशी त्याचे निकटचे नाते नाही. अनुकूल काळात त्याच्या माद्या नराच्या साह्यावाचून अंडी घालतात आणि त्यांतून माद्याच निपजतात. या प्रकारास अनिषेकजनन म्हणतात. पुढे परिस्थिती पालटली की त्याच माद्यांच्या पोटी, त्याच रीतीने, नर जन्मास येतात. आई एक, आनुवंशिक द्रव्य तेच, आणि संततीचे लिंग मात्र भिन्न. हा भेद येतो कोठून? या प्रश्नाची उत्तरे तर कालांतराने बदललीच. पण प्रश्नाची मांडणीही बदलली. तिचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकाकी ठेवलेल्या माद्यांच्या अनेक पिढ्या नराच्या संपर्कावाचून होतात, हे जिनीव्हा येथील लुई ज्युरीन याच्या १८२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद आहे. १८५७ साली जॉन लबक याने डॅफ्नियाच्या दोन्ही प्रजननपद्धतींचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. नेहमीची अंडी लगोलग उबतात. दुसऱ्या प्रकारची अंडी खोगिराच्या आकाराच्या टणक आवरणात बंद होऊन थंडी व अवर्षण सोसतात. या दुसऱ्या अंड्यांना सामान्यतः फलनाची, म्हणून नराची, आवश्यकता असते. नर केव्हा निपजतो हा केवळ कुतूहलाचा विषय नसून त्या जातीच्या टिकावाशी निगडित आहे, हे यावरून ध्यानात येईल.

कारणमीमांसेचा पहिला भव्य प्रयत्न फ्रायबुर्ग येथील आउगुस्ट वाइसमान याने १८७६ ते १८७९ या काळात केला. लहान डबक्यांत राहणाऱ्या जातींत वर्षातून अनेकदा नर येतात, मोठ्या सरोवरांतील जातींत एकदाच, असे त्याला आढळले. डबके लवकर आटते, सरोवर आटत नाही. म्हणून निवडीच्या योगाने प्रत्येक जातीत पिढ्यांचे चक्र आनुवंशिकतेनेच ठरून गेले आहे आणि तत्कालीन परिस्थितीचा त्यात हात नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. निरीक्षण मार्मिक होते. निष्कर्ष मात्र निरीक्षणाच्या पुढे गेला होता.

प्रतिवाद प्रयोगशाळेतून आला. १९०५ साली इसाकोविच याने तपमान व अन्न यांत फेरफार करून संततीवर होणारे परिणाम दाखविले. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आर्थर बँटा याने अनिषेकजननाने शेकडो पिढ्या वाढविल्या आणि १९२९ साली ब्राउन याच्यासह, माद्यांची गर्दी केली असता नर निपजतात, असे प्रतिपादन केले. याच बँटाने १९१६ साली नर व मादी या दोहोंची लक्षणे मिसळलेले प्राणीही नोंदविले होते. १९९२ साली असे दाखविण्यात आले की डॅफ्निया मॅग्ना या जातीत लैंगिक प्रजननास लहान दिनमान, अन्नाची घट व गर्दी ही तिन्ही कारणे एकत्र यावी लागतात. एकाच कारणाचा शोध घेणाऱ्यांची मते परस्परांशी का जुळत नव्हती, याचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो.

येथे भाषेच्या अभ्यासकास एक साम्य जाणवल्यावाचून राहत नाही. मराठीत नामाचे लिंग नामातच ठरलेले असते. ‘चांगला’ या विशेषणाचे लिंग मात्र शेजारच्या नामावरून ठरते. म्हणून विशेषणाला स्वतःचे व्याकरण नाही असे कोणी म्हणणार नाही. ‘चांगला’, ‘चांगली’, ‘चांगले’ ही तिन्ही रूपे धारण करण्याची शक्ती त्याच्याच ठायी असते, बाहेरून येते ती केवळ निवड. वाइसमानाने डॅफ्नियाला नाम मानले. त्याच्या विरोधकांचे लक्ष केवळ शेजारच्या शब्दाकडे राहिले. रूपावली कोठे आहे, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या मांडणीत मागे पडला.

त्याचे उत्तर या शतकात मिळू लागले. २००२ साली ओल्मस्टेड व लब्लांक यांनी मेथिल फार्नेसोएट हा अंतःस्राव मादीच्या पोटातील पक्व होऊ लागलेल्या अंड्यास नरत्वाकडे वळवितो, असे दाखविले. म्हणजे परिस्थितीची वार्ता आई ग्रहण करते आणि अंतःस्राव ती अंड्यापर्यंत नेतो. २०११ साली काटो व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी ती वार्ता अमलात आणणारे जनुक हुडकले. ते ‘डबलसेक्स’ कुळातील होते. हे नाव १९६५ साली फळमाशीच्या संदर्भात रूढ झाले होते. नरगर्भात हे जनुक दडपले असता बीजांडकोशासह मादीची लक्षणे प्रकटली. मादीगर्भात ते कार्यान्वित केले असता नरासारखी लक्षणे दिसली. फळमाशीत याच जनुकाचा संदेश नर व मादी यांत निरनिराळ्या रीतीने जोडला जातो. डॅफ्नियात मात्र जनुक किती प्रमाणात व्यक्त होते यावर भेद अवलंबून असतो. शब्द एकच, परंतु व्याकरण निराळे. २०१८ साली या जनुकास चालना देणारा, प्रथिन न घडविणारा एक आर. एन. ए. रेणूही आढळला.

इतके झाल्यावर वाइसमान सर्वथा चुकला असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. डॅफ्निया मॅग्नाच्या काही वंशांत नर कधीच निपजत नाहीत. वर सांगितलेला अंतःस्राव देऊनही नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार अशा वंशांत मादीत्व ठरविणारा आनुवंशिक प्रदेश आढळतो आणि तो लिंगगुणसूत्राची आरंभीची अवस्था असावा. जेथे परिस्थिती निवड करीत होती, तेथे ती निवड आता आनुवंशिकतेच्या हाती जाऊ लागली आहे.

‘आनुवंशिकता की परिस्थिती’ या वादात एका पक्षाचा जय आणि दुसऱ्याचा पराजय झाला, असे या इतिहासाचे सार काढणे युक्त होणार नाही. जनुक, अंतःस्राव व परिस्थिती ही परस्परांची प्रतिस्पर्धी उत्तरे नव्हतीच. ती एकाच साखळीतील निरनिराळी स्थाने होती. ‘लिंग’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ खूण असा आहे. खूण कोणी उमटविली एवढेच विचारून थांबणाऱ्यास अर्धेच उत्तर मिळते. ती वाचणारी यंत्रणा कोठे वसते, हेही विचारावे लागते.