डब्याच्या आकाराची मोटार आणि वऱ्हाडचे तूप

बडनेरा हे गाव बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते ते गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून. मुंबईहून नागपूरकडे निघालेली आगगाडी साडेसहाशेहून थोडी अधिक किलोमीटरांची मजल मारून येथे थांबते आणि अमरावतीचा उतारू आपले सामान सावरीत दुसऱ्या फलाटाकडे वळतो. अमरावतीचा हा सहा मैलांचा फाटा १८७१ साली सुरू झाला, तो मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे लवकर जावा ही त्यामागची निकड होती. जुन्या वस्तीपासून वेगळी अशी नवी वस्ती या स्टेशनच्या आधाराने वाढली, आणि पुढे कित्येक वर्षे या गावाने एकच व्यवहार पाहिला : इकडून शेतमाल जावा आणि तिकडून कारखान्यातला माल यावा.

या तिकडून येणाऱ्या मालात एक गोल डबा होता. त्याच्यावर ताडासारखे एक हिरवे झाड काढलेले असे. आज पन्नाशी उलटलेल्या कोणत्याही वऱ्हाडी माणसाला त्याचे नाव सांगावे लागणार नाही. तथापि या डब्याचा लौकिक प्रथम ज्या वाहनाने पसरविला, ते वाहन मात्र आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. ते वाहन म्हणजे खुद्द डब्याच्याच आकाराची एक मोटार. हिंदुस्थानातील जाहिरातीच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. आणि तिने लोकांपुढे मांडलेला माल वऱ्हाडच्या घरोघरीच्या तुपाशी स्पर्धा करणारा असल्यामुळे या प्रांताच्या इतिहासातही तिचा विचार होणे उचित आहे.

प्रथम त्या मालाविषयी. द्रवरूप तेलातून निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन वायू जाऊ दिला असता ते तेल घट्ट होते, हा शोध विसाव्या शतकाच्या आरंभीचा. फ्रान्समधील साबातिए याने या क्रियेचे मूलतत्त्व दाखविले व त्याबद्दल त्यास १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेलावर तिचा उपयोग करण्याची युक्ती जर्मनीतील नोर्मान याने १९०२ साली नोंदविली. पहिल्या महायुद्धानंतर असले घट्ट तेल हॉलंडमधून या देशात येऊ लागले. १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली आणि मुंबईस शिवडी येथे तिचा कारखाना उभा राहिला. १९३७ साली 'डालडा' हे नाव आले. हॉलंडचा माल आणणाऱ्या 'दादा' नावाच्या पेढीच्या नावात लिव्हर कंपनीचे आद्याक्षर 'ल' घालून ते बनविले, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात.

नाव मिळाले, पण गिऱ्हाईक मिळेना. याचे कारण समजण्यास थोडे मागे जावे लागते. १९१७ साली कलकत्त्यास तुपात जनावरांची चरबी मिसळली जाते असे उघडकीस आले आणि केवढा गहजब झाला! शेकडो ब्राह्मणांनी हुगळीच्या काठी प्रायश्चित्ते घेतली. बंगालच्या कायदेमंडळास भेसळीचा कायदा तातडीने कडक करावा लागला. तूप हे आपल्याकडे केवळ जेवणाचे नव्हे, नैवेद्याचे आणि होमाचेही द्रव्य. त्यासारखे दिसणारे, परंतु गाय-म्हैस यांच्याशी कसलाही संबंध नसलेले पदार्थ घरात घ्यायचे म्हणजे स्वयंपाकघराबरोबर देवघराचाही प्रश्न. 'वनस्पती' हा शब्दच मुळी या शंकेला दिलेले उत्तर आहे. यात प्राण्याचे काही नाही, हे त्यातून सुचवावयाचे होते.

वऱ्हाडात तर तुपाची पारख घरातल्या आजीच्या हाती असे. विरजण, ताक, लोणी आणि लोणी कढविताना टाकलेले विड्याचे पान, हा सारा क्रम डोळ्यांसमोर झालेला. सरकीची ढेप खाल्लेल्या म्हशीचे तूप कसे दिसते, गाईचे कसे पिवळे असते, रवा कसा पडतो, वास कसा येतो, हे तिला शिकवावे लागत नसे. रोडग्यांवर तुपाची धार पडल्यावाचून वऱ्हाडी पंगत पुरी होत नाही. अशा घरात परदेशी धाटणीचा डबा न्यायचा तो कोणत्या मार्गाने?

छापील जाहिरातीचा येथे फारसा उपयोग नव्हता. १९३१ च्या शिरगणतीत देशात शंभरांपैकी दहा माणसेही साक्षर भरली नाहीत. तेव्हा लिंटास या जाहिरात संस्थेने १९३९ साली निराळी तोड काढली. हार्वे डंकन या गृहस्थाकडे ती कामगिरी होती. त्याने चित्रपटगृहांत दाखविण्यासाठी एक छोटा बोलपट करविला. वाचता येणाऱ्यांसाठी पत्रके छापली. या तुपात केलेले जिन्नस चाखायला देणारी दुकाने मांडली. आणि रस्त्यावरून फिरविण्यासाठी गोल डब्याच्या आकाराची ती मोटार बनविली. एकाच मालासाठी इतकी साधने एका वेळी जुंपण्याचा हा आपल्या देशातील पहिला प्रयोग मानतात.

यातील खुबी लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याला अक्षर ओळखत नाही त्याला आकार ओळखतो. रस्त्यावर चालता डबा पाहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वाण्याच्या फळीवर तोच आकार पाहून बोट दाखवील, यात नवल ते काय? आणि मोटार हे त्या काळी स्वतःच एक अप्रूप होते. मोटार पाहण्यास जमलेल्या घोळक्याला तळणीचा वास आणि हातावर पडलेला घास मिळाला, की अर्धे काम झाले.

फिरून माल दाखविण्याची ही कल्पना मात्र अगदी नवी नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लावल्यानंतर यंत्र, पडदा आणि चित्रपट्टी घेऊन गावोगाव नेली. अनेक ठिकाणी बैलगाडीच त्यांचे वाहन होते. सुरतेस पहिल्या दिवशी गल्ला अवघा तीन रुपये जमला. तेव्हा फाळक्यांनी जाहीर केले, की तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहावयास मिळेल. लोटली गर्दी! गुजराथी गिऱ्हाईक भाव मोजून घेते, हे त्यांनी अचूक हेरले होते. चहाचेही असेच. १९०३ साली चहावर कर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला, आणि प्रचारक किटली घेऊन बाजारात, स्टेशनावर, गिरणीच्या दाराशी लोकांना पेले भरून देऊ लागले. फुकट मिळालेला पहिला पेला पुढे किती पिढ्यांनी विकत घेतला, याचा हिशेब आज कोणी करू शकणार नाही.

आता रस्त्याविषयी, कारण असल्या मोटारींची खरी परीक्षा बाजारपेठेपेक्षा वाटेवरच होत असे. मुंबई-पुण्याचा रस्ता निराळा आणि वऱ्हाडचा निराळा. येथील काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते आणि पावसाळ्यात असा चिकट चिखल होते, की बंडीच्या चाकावर त्याचा थर चढून चाक फिरेनासे होते. बंडीचा बैल तरी रुतलेला पाय उपसून काढतो. मोटारीचे चाक जितके फिरवावे तितके खाली जाते. शेवटी गावातून बैलजोडी आणून, दोर बांधून मोटार ओढवावी लागे, आणि यंत्राचा डौल पाहण्यासाठी जमलेली मुले बैलांचाच जयजयकार करीत. नाल्यांवर पूल थोडे. बंड्यांच्या जाण्यायेण्याने पडलेल्या चाकोऱ्या मोटारीच्या मापाशी जुळत नसत, त्यामुळे एक चाक चाकोरीत तर दुसरे उंचवट्यावर, असा तिरकस प्रवास चाले. प्रचाराला योग्य काळ म्हणजे दिवाळीनंतरचा. तेव्हा वाटा वाळलेल्या असत आणि कापसाचे पैसेही हाती आलेले असत.

या दुरवस्थेची जाणीव सरकारास नव्हती असे नाही. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकासाची समिती नेमली गेली व तिच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवरील करातून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला. पुढे १९४३ च्या डिसेंबरात सर्व प्रांतांचे मुख्य इंजिनियर नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली : सुपीक मुलखातले कोणतेही खेडे मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये. परंतु तोवर युद्ध पेटलेले होते. १९४१ पासून पेट्रोल मोजून मिळू लागले. कित्येक मोटारींच्या पाठीशी कोळशाचा गॅस करणाऱ्या भट्ट्या बसल्या. जाहिरातीसाठी इंधन जाळण्याचे दिवस संपले. डब्याच्या मोटारीचा जन्म १९३९ सालचा, म्हणजे युद्धाच्या उंबरठ्यावरचा, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची सद्दी किती थोडी असावी याची कल्पना येते.

परंतु या थोड्या अवधीत तिच्या मालाला प्रतिपक्षही उभा राहिला होता, आणि तो बडनेऱ्यापासून शंभर किलोमीटरांच्या आतच. पूर्वेस याच लोहमार्गावर वर्धा आहे. तेथे मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जे. सी. कुमारप्पा, झवेरभाई पटेल प्रभृतींनी तेलाच्या घाणीत सुधारणा करून 'मगन घाणी' तयार केली. १९३८ च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. तेथेही प्रात्यक्षिकच होते. फरक इतकाच, की ते फिरते नव्हते. येणाऱ्याने यावे, घाणी फिरताना पाहावी, ताजे तेल पाहावे. पुढे जमनालाल बजाजांनी आपल्या आयुष्याचे शेवटचे दिवस गोसेवेला वाहिले. १९४६ साली गांधीजींनी 'हरिजन'मधून वनस्पतीविरुद्ध लिहिले. त्यांचा रोख तेल घट्ट करण्याच्या विद्येवर जितका होता, त्याहून अधिक त्या तेलाने तुपाचे सोंग घेण्यावर होता.

सारे मर्म या सोंगात आहे. वनस्पती मुद्दाम रवाळ केले जाई, कारण तुपाला रवा असतो. डबा मोहोरबंद होता तोवर त्यात फसवणूक नव्हती. नाव वर लिहिलेले होते, आकार रस्त्यावर मिरविलेला होता. परंतु झाकण उघडून तेच वनस्पती एखाद्या व्यापाऱ्याने लोणकढ्या तुपाच्या डब्यात ओतले, की आजीचे डोळे आणि बोटेही फसत. सचोटीने विकलेला माल दुसऱ्याच्या लबाडीचे साधन झाला, आणि तो तसा होऊ शकला तो त्याच्या तुपासारखेपणामुळेच. या तुपासारखेपणाच्या बळावरच तर कंपनीने तो विकला होता. तिला या दोषातून अगदीच मोकळे सोडता येत नाही. यात सर्वांत हानी झाली ती घरचे तूप विकून चार पैसे मिळविणाऱ्या शेतकरी स्त्रीची. तिच्या खऱ्या तुपाकडेही बाजार संशयाने पाहू लागला.

उपाय पुष्कळ सुचले. वनस्पतीला रंग द्यावा म्हणजे ते चटकन ओळखू येईल, ही सूचना वर्षानुवर्षे चर्चिली गेली. परंतु निरुपद्रवी, टिकाऊ आणि सहज काढून न टाकता येणारा रंग सापडेना. अखेर निराळी युक्ती योजिली. प्रत्येक वनस्पतीत निदान शेकडा पाच तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलाचा गुण असा, की विशिष्ट आम्लाशी व फरफ्युरलशी त्याचा संयोग होताच किरमिजी रंग उमटतो. तुपात वनस्पती असेल तर प्रयोगशाळेत ते लपत नाही. संक्रांतीच्या तिळाने भेसळीची साक्ष द्यावी, हा योग मोठा गमतीचा खरा! पण ती साक्ष प्रयोगशाळेत. बाजारात उभ्या असलेल्या बाईच्या हाती ती नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली पंडित ठाकुरदास भार्गव यांनी वनस्पतीवर बंदी घालणारे विधेयक संसदेत आणले. ते संमत झाले नाही. नेहरूंच्या सरकारने लोकमताचा अंदाजही घेतला. त्यातून निश्चित असे काही निघाले नाही. लोकांनी आपला निर्णय चुलीपाशी घेतला होता. तूप महाग, वनस्पती स्वस्त. लग्नाच्या पंगती मोठ्या आणि मिळकत बेताची. देवापुढे निरांजनात तूप आणि कढईत डालडा, अशी मध्यमवर्गाने वाटणी केली. आणि रिकामा डबा तर फेकलाच गेला नाही. कोणी त्यात डाळ भरली, कोणी धान्य मोजले, कोणी तळाशी भोके पाडून तुळस लावली.

वनस्पतीसंबंधीचा आजचा मोठा आक्षेप मात्र गांधीजींच्या काळी कोणाच्या ध्यानात आलेला नव्हता. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात 'ट्रान्स' जातीची स्निग्धद्रव्ये तयार होतात आणि ती हृदयास अपायकारक असतात, असे पुढच्या संशोधनाने सिद्ध झाले. २०२२ सालापासून भारतात खाद्य तेल व वनस्पती यांतील त्यांचे प्रमाण शेकडा दोनच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. डालडा हे नाव २००३ सालीच मूळ कंपनीकडून बंगी या दुसऱ्या कंपनीकडे गेले.

रस्ताही आता तो राहिला नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर, बडनेऱ्याच्या पुढे लोणीपासून मान्यापर्यंत, ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि जागतिक विक्रमाच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. याच मार्गावरून आता तेलाच्या टाक्या वाहणारे ट्रक रात्रंदिवस जातात. त्यांचाही आकार गोल असतो. परंतु त्यांना पाहण्यासाठी आज एकही मूल रस्त्यावर येत नाही.